गिअर कोणी टाकायचा?

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडले, असे आमच्या भागात शाळकरी मूलही सांगते. शिवाजी महाराजांचे स्वार इथे दमलेली घोडी सोडून ताज्या दमाची घेत आणि सुरतेच्या वाटेला लागत, अशी ती कथा. लोकव्युत्पत्तीच ती, पण गावाची जागा पाहिली की ती कशी सुचली असेल हे कळते. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला डोंगररांग आणि समोर थोड्याच अंतरावर सह्याद्रीची भिंत. इथून पुढे जायचे तर जनावराचा दम मोजावाच लागे. रेल्वेलाही तो मोजावा लागला. बोरघाटातला लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट असा. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात, त्यांना 'बँकर' म्हणतात, आणि ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. ट्रकला यातले काहीच करता येत नाही. त्याचे घोडे बदलता येत नाहीत आणि मागून ढकलायला कोणी नसते. खोपोली सुटली की त्याच्याकडे एकच उपाय उरतो, खालचा गिअर.

तो गिअर कोणी टाकायचा, हा या लेखाचा विषय आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातल्या जड ट्रकांत स्वतःहून गिअर बदलणारी यंत्रणा येऊ लागली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांतले ट्रकमालक तिच्याबद्दल काय म्हणतात, हे मी बऱ्याच दिवसांपासून ऐकत आणि टिपून ठेवत आलो आहे. एमआयडीसीच्या फाटकाबाहेर, वजनकाट्यावर, गॅरेजच्या बाकावर ऐकलेले हे बोलणे बहुतेक वेळा एका वाक्यावर येऊन थांबते: आपल्याला नको. कंपन्यांच्या विक्रेत्यांना हे अडाणीपण वाटते. मला तसे वाटत नाही. या नकारामागे पाऊणशे वर्षांचा हिशेब आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय मालकही कळत नाही आणि यंत्रही.

सुरुवात छावणीपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा मोठा संक्रमण तळ होता, दोन हजारांहून अधिक बराकींचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकी मिळाल्या आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या छावणीचे नाव उल्हासनगर झाले. आजही तिथले पत्ते 'कॅम्प एक' ते 'कॅम्प पाच' असेच चालतात. युद्ध संपल्यावर लष्कराने जशा बराकी मोकळ्या केल्या तसे ट्रकही मोकळे केले. शेव्हरोले, फोर्ड, डॉज अशा या गाड्या 'डिस्पोजल'च्या लिलावात निघाल्या आणि देशभरातल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी मोटारमालकांनी धंद्याची सुरुवात त्यांच्यावरच केली. त्याच सुमारास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि फार्गो ट्रक जुळवायला घेतले होते.

या गाड्यांचा गिअरबॉक्स आजच्या चालकाला छळ वाटेल. दोन दंतचक्रे वेगवेगळ्या गतीने फिरत असताना त्यांना एकमेकांत अडकवायचे, तर आधी त्यांची गती जुळवावी लागते. ती जुळवण्याची जबाबदारी यंत्रावर नव्हती, चालकाच्या कानावर आणि डाव्या पायावर होती. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, क्लच सोडायचा, अंदाजाने रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि खालचा गिअर टाकायचा. यालाच 'डबल क्लच' म्हणत. अंदाज चुकला तर दातांवर दात घासून असा करकराट होई की रस्त्यावरची माणसे वळून पाहत. सपाटीवर चुकले तर इज्जत जाई, एवढेच. घाटात चुकले तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकून मागे घरंगळू लागे आणि क्लीनर उडी टाकून मागच्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारी. एसटीची पहिली बस १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, ती बेडफर्ड होती. त्या काळातल्या एसटी चालकांचा गावोगाव जो दरारा होता, त्यात खाकी कपड्यांइतकाच या दांड्याचाही वाटा होता.

मालकाच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक मोठी सोय होती. गिअर नीट पडण्याची हमी त्याला यंत्रात विकत घ्यावी लागत नव्हती. ती माणसात मिळत होती, आणि माणूस स्वस्त होता. क्लीनर म्हणून (गावाकडे या शब्दाचे 'किन्नर' झाले) सोळा-सतरा वर्षांचा पोरगा गाडीवर येई, काचा पुसे, ताडपत्री बांधे, चहा आणे आणि उस्तादाच्या डाव्या हाताकडे पाहत राही. काही वर्षांनी रिकाम्या रस्त्यावर त्याला दांडा हातात मिळे. एवढे दीर्घ प्रशिक्षण मालकाला जवळजवळ फुकट पडत असे. याची किंमत उस्तादाला ठाऊक होती. चांगला गिअर टाकणारा चालक मालकाशी आवाज चढवून बोलू शके, कारण त्याच्याइतका दुसरा लगेच मिळत नसे.

१९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज ट्रक निघू लागले. १९६९ ला करार संपला, तरी जुने चालक पुढे कितीतरी वर्षे गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत. याच परंपरेतला १२१० हा ट्रक महाराष्ट्राच्या रस्त्यांवर घरचा झाला. टेल्कोचे कर्तेधर्ते सुमंत मूळगावकर हमरस्त्यावरच्या ढाब्यांवर जेवायला बसत आणि चालकांना गाडीच्या तक्रारी विचारत, असा किस्सा सांगितला जातो. मला त्यात लक्षात राहतो तो प्रश्न कोणाला विचारला जाई हा भाग. प्रश्न मालकाला नव्हता, चालकाला होता.

टाटाच्या गाड्यांचे आकडे वाचता आले तर त्यांत आपल्या मालवाहतुकीचा इतिहासच सापडतो. पहिले दोन अंक म्हणजे ढोबळमानाने गाडीचे भारासकट वजन टनांत, आणि पुढचे दोन म्हणजे अश्वशक्ती, दहाने भागून. १२१० म्हणजे बारा टन, शंभर अश्वशक्ती. पुढे आलेला १६१३ म्हणजे सोळा टन, १३० अश्वशक्ती. आजचा ५५३० हा पंचावन्न टनांचा ट्रेलर ओढणारा, ३०० अश्वशक्तीचा. आता एक साधा भागाकार करून पाहावा. १२१० ला दर टनामागे आठाहून थोडी जास्त अश्वशक्ती मिळत होती. १६१३ ला जवळपास आठ. ५५३० ला साडेपाचही नाही. मधल्या ४९२३ ला तर पाचाच्याही आत. म्हणजे इंजिन तिप्पट झाले, पण ओझे साडेचार पटींनी वाढले. एक टन माल घाटावर चढवायला आजच्या ट्रकाजवळ त्याच्या आजोबापेक्षा कमी ताकद आहे. ही तूट भरून काढली ती गिअरने. पाच गिअरांचे नऊ झाले आणि नव्या स्वयंचलित यंत्रणांत बारा. इंजिन स्वस्तात राबवायचे तर गिअर जास्त हवेत आणि गिअर जास्त झाले की ते वेळेवर टाकणारा हात हवा. सगळा पेच या एका ओळीत आहे.

ओझ्याचे हे आकडे कागदावरचे आहेत. १९७५ साली नॅशनल परमिटची पद्धत आली आणि राज्याच्या हद्दीत घुटमळणारा ट्रक देशभर फिरू लागला. एका आसावर किती भार टाकता येईल याची मर्यादा १९८० च्या दशकात १०.२ टन झाली, आणि जुलै २०१८ मध्ये ११.५ टन. पण मर्यादा वाढली म्हणून ओव्हरलोड थांबला नाही. 'पासिंग' एवढे आणि 'भरती' तेवढी, हे दोन वेगळे आकडे मालकाच्या तोंडी सहज असतात. गिअरबॉक्सला कागदावरचा आकडा कळत नाही, भरतीचा कळतो.

मधल्या काळात सिंक्रोमेश गिअरबॉक्स आला. अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत तो १९२८ सालीच बसवला होता. आपल्या ट्रकांत सर्रास यायला त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. यात पितळी रिंगांच्या घर्षणाने दोन्ही चक्रांची गती यंत्रच जुळवून घेते, डबल क्लचची गरज उरत नाही. आज याला कोणी नवे यंत्र म्हणणारही नाही. पण जुन्या मालकांकडून मी ऐकलेल्या आठवणी ओळखीच्या आहेत: रिंगा ओव्हरलोडला टिकणार नाहीत, पोरांचा हात बिघडेल, आपला मिस्त्री हे उघडणार कसा. शेवटचा प्रश्न कालांतराने सुटला. मिस्त्री शिकला. मुंब्र्याला भारत गिअर्सचा कारखाना होता, अंबरनाथला संरक्षण खात्याचे दोन कारखाने होते, त्यांतला एक तर यंत्रांची यंत्रे बनवणारा. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने याच भागात बारवी धरणाचे पाणी देऊन उद्योग वसवले. लेथवर बसणारा, दाते कापणारा, पोलादाला पाणी पाजणारा माणूस इथे दोन गल्ल्या सोडून मिळे. उल्हासनगरच्या 'नक्कल' मालावर सगळा महाराष्ट्र विनोद करतो. ट्रकमालक मात्र करत नाही. मूळ कंपनीचा सुटा भाग आठ दिवसांनी येणार असेल तेव्हा हीच नक्कल त्याचा हप्ता वाचवते.

स्वतःहून बदलणारा गिअर ही मूळची अमेरिकी कल्पना, आणि तिथल्या एका प्रकरणाची इथे आठवण करून द्यायला हवी. जनरल मोटर्सने १९३९ साली 'हायड्रामॅटिक' हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स विक्रीला आणला. महायुद्धात तो काही हलक्या रणगाड्यांतही बसवला गेला. युद्धानंतर, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकी लष्करासाठी जनरल मोटर्सने अडीच टनी एम-१३५ ट्रक हायड्रामॅटिकसह बनवला. चालवायला सोपा होता. पण लष्कराने दीर्घकाळासाठी पसंत केला तो रिओ कंपनीच्या रचनेचा एम-३५, हाताने गिअर टाकायचा. स्वयंचलित गिअरबॉक्स अमेरिकी लष्कराच्या पाच टनी ट्रकांत सर्रास आला तो १९८० च्या दशकात. जगातल्या सर्वांत श्रीमंत मालकाने या प्रश्नावर तीस वर्षे घेतली. तेव्हा अंबरनाथच्या दोन ट्रकांच्या मालकाला दहा वर्षे लागली तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

आता यंत्राबद्दल थोडे, कारण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी येतात आणि मालकांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. पहिल्या प्रकारात क्लचच नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन तेल घुसळते, ते तेल पुढचे चक्र फिरवते. गाडी मऊ उचलते, शंभरदा थांबून शंभरदा निघाली तरी झिजत नाही. मात्र घुसळण्यात काही ताकद उष्णता होऊन वाया जाते, आणि किंमत भरपूर. कोळसा खाणींतल्या अजस्र डंपरांत हा प्रकार आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास दिल्लीत आलेल्या लो-फ्लोअर बसगाड्यांतही होता. खाण असो वा शहर बससेवा, दोन्हींकडे खरेदीचा निर्णय एखाद्या संस्थेने घेतलेला. ट्रकमालकाला कोणी विचारले नव्हते.

दुसरा प्रकार म्हणजे एएमटी. यात गिअरबॉक्स आपल्या ओळखीचाच असतो, तीच दंतचक्रे, तीच क्लच प्लेट. बदल इतकाच की क्लच दाबणारा पाय आणि दांडा हलवणारा हात यांच्या जागी संगणकाच्या हुकमावर चालणारी हवेच्या दाबाची यंत्रणा येते. ब्रेकसाठी ट्रकात हवा असतेच. संगणक इंजिनाचा वेग, भार, चढ आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय पाहतो आणि ठरवतो. व्होल्वोने युरोपात २००१ साली आणलेला आय-शिफ्ट असाच. अमेरिकेत ईटन आणि कमिन्स यांनी २०१७ साली एकत्र कंपनी काढून आणलेला बारा गिअरांचा एन्ड्युरंटही असाच. कमिन्सचे नाव पुण्याला नवे नाही. किर्लोस्करांबरोबर ती १९६२ सालीच कोथरूडला आली होती. आता टाटा, अशोक लेलँड, आयशर, भारतबेंझ या सगळ्यांच्याच जड गाड्यांत एएमटी मिळते.

उस्तादाच्या कानाची आणि पायाची ही नक्कल आहे, आणि चांगली नक्कल आहे. चुकलेला गिअर, अर्धा दाबून ठेवलेला क्लच, विनाकारण चढवलेली रेस, या तिन्हींतून मालकाचा पैसा जळतो, आणि ते तिन्ही यंत्र टाळते. मग मालक नको का म्हणतो?

किंमत हे पहिले कारण सगळे सांगतात, पण ते खरे कारण नव्हे. एसी केबिनलाही पैसे पडतातच. खरे कारण मला ट्रकाच्या आयुष्यक्रमात दिसते. आपल्याकडे ट्रकाला तीन जन्म असतात. पहिल्या जन्मी तो मोठ्या वाहतूकदाराकडे हमरस्त्यावर पळतो. पाच-सहा वर्षांनी दुसरा मालक त्याला घेतो, राज्यातल्या राज्यात चालवतो. आणि तिसऱ्या जन्मी तो आमच्याकडे येतो. आनंदनगर आणि मोरिवली एमआयडीसीतून तळोज्याला, भिवंडीच्या गोदामांना, न्हावाशेव्याला, नाहीतर खदाणीवर खडी भरायला. या भागातल्या छोट्या मालकांच्या कितीतरी गाड्या अशा तिसऱ्या जन्मीच्या आहेत. तो नव्या ट्रकाची जाहिरात पाहतच नाही. तो विचार करतो तो बारा वर्षांच्या एएमटीचा. तिचा संगणक बंद पडला तर? वायरिंग उंदराने कुरतडले तर? जुना गिअरबॉक्स विम्को नाक्याजवळ रस्त्याच्या कडेला, ताडपत्री अंथरून, दिवसाढवळ्या उघडता येतो आणि रात्री गाडी भरायला लागते. एएमटीत दोष कुठे आहे हे कळायलाच कंपनीचा लॅपटॉप लागतो. 'उघडणार कोण' हा सिंक्रोमेशच्या वेळचा प्रश्न परत आला आहे. फरक इतकाच की पितळी रिंगची नक्कल लेथवर करता येते, संगणकाच्या आज्ञावलीची येत नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. बाहेरच्या माणसाला तो चमत्कारिक वाटेल. २६ जुलै २००५ चा पूर इथे कोणी विसरलेले नाही, आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली तो दिवसही. उल्हास नदी चढली की सखल भागात उभ्या गाड्यांची चाके बुडतात. गाळ भरलेला गिअरबॉक्स धुऊन, तेल बदलून पुन्हा लावल्याचे अनुभव आहेत. सेन्सर आणि विजेचे जोड धुऊन लागत नाहीत. बॅटरी उतरलेला ट्रक दुसऱ्या गाडीने ओढून गिअरवर चालू करण्याची जुनी सोयही इथे नाही.

तिसरी गोष्ट मालकांनी मला सांगितली नाही; ती या रस्त्यावर ताटकळताना ध्यानात येते. कल्याण-बदलापूर रस्ता म्हणजे शहाडपासून खरवईपर्यंत नाके, चौक, रिक्षा आणि हातगाड्यांची माळ. दहा फूट पुढे, थांब, पुन्हा दहा फूट. अशा रांगण्यात कोरड्या क्लचची एएमटी सुखी नसते. तिचाही क्लच तापतो आणि पडद्यावर इशारा येतो. या रस्त्याला खरे तर टॉर्क कन्व्हर्टर हवा, आणि तो परवडत नाही. एएमटीचे गुण द्रुतगती मार्गावर दिसतात, तिचे दोष आमच्या दारात. चालकाचा डावा पाय मात्र दारातच सगळ्यात जास्त दुखतो.

या सगळ्या आक्षेपांत मालकांची बाजू मला पटते. एका बाबतीत पटत नाही, ती म्हणजे न्यूट्रल.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याच्या घाटात पुण्याकडून उतरणाऱ्या अवजड गाड्यांचे अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचतो, आणि बातमीत बहुधा 'ब्रेक निकामी झाल्याने' असे असते. ब्रेक अनेकदा आपोआप निकामी होत नाहीत, ते जाळले जातात. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा उस्तादांचा जुना नियम. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते. गाडी न्यूट्रलला टाकली की तो आधार जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापून पकड सुटते, आणि पुन:पुन्हा ब्रेक मारल्याने हवेचा दाबही उतरतो. त्या क्षणी चाळीस-पन्नास टनांचे धूड परत गिअरमध्ये घालणे कोणत्याही उस्तादाला जमत नाही.

हे ठाऊक असूनही चालक न्यूट्रल का मारतो? डिझेलसाठी. आणि डिझेलचा हिशेब मालकाने घालून दिलेला असतो. फेऱ्यामागे इतके किलोमीटर, अमुक ॲव्हरेज, म्हणजे इतके डिझेल; वाचले तर चालकाचे, जास्त लागले तर भत्त्यातून कापून. तुटपुंज्या पगाराच्या माणसाला घाटाचा उतार ही कमाईची जागा वाटते. गंमत, खरे तर दुर्दैव, असे की नव्या इंजिनांत ही बचतच खोटी आहे. गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंजिनाला डिझेल जवळजवळ पोचतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू ठेवायला थोडे जळत राहते. सौम्य उतारावर गाडी मोकळी सोडून थोडा फायदा होतो, आणि काही नव्या एएमटींनी ती युक्ती स्वतःच उचलली आहे: त्या गाडीला मोकळी सोडतात आणि उतार वाढला की पुन्हा गिअर लावतात. पण घाटात उभ्या उतारावर चालकाला डिझेलसाठी न्यूट्रल मारण्याचे कारण त्या ठेवत नाहीत. एएमटीबद्दल बोलताना मालक डिझेल, क्लच प्लेट, विक्रीची किंमत, सगळे मोजतात. घाट उतरण्याचा उल्लेख मी विचारल्याशिवाय एकाही मालकाने केला नाही. चालकांनी मात्र न विचारता केला.

चालकांचे मतही एकसारखे नाही. मुंबई-बंगळुरू पट्ट्यात एएमटी चालवलेला चालक परत दांड्यावर यायला कुरकुरतो. रात्री गुडघा दुखत नाही, हे तो पहिले सांगतो. जुना उस्ताद हसतो आणि म्हणतो की हे पोरांचे खेळणे आहे. त्याच्या हसण्यात मला काळजी ऐकू येते. जो गिअर यायला त्याची उमेदीची वर्षे क्लीनर म्हणून गेली, तो आता नवख्या माणसाला काही दिवसांत 'येतो'. आधीच कित्येक गाड्यांवरून क्लीनर नाहीसा झाला आहे, म्हणजे ती शाळाही बंद पडली. शिवाय नव्या गाड्यांतला संगणक नुसता गिअर बदलत नाही, तो नोंद ठेवतो. कुठे जोरात ब्रेक मारला, कुठे गाडी चालू ठेवून झोपलास, हे मालकाच्या मोबाइलवर दिसते. आजवर क्लच जळाला की भांडण मालक आणि चालकाचे असे आणि बहुधा पगार कापून मिटे. आता तिसरा पक्ष आला आहे, कंपनी. वॉरंटी मागायला गेलेल्या मालकाला तोच नोंदींचा कागद दाखवला जातो, आणि त्यात भरतीचा खरा आकडाही डोकावतो. मला वाटते, नकाराचे न बोललेले कारण हेही आहे.

तरीही नकार सैल होतो आहे, आणि तो यंत्राच्या गुणांमुळे नव्हे. चालक मिळत नाहीत. वर्षभर ट्रक चालवण्यापेक्षा शहरात डिलिव्हरीची दुचाकी चालवणे मुलांना बरे वाटते. निदान रात्री घरी येता येते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत, अपघातानंतर पळून जाण्याच्या गुन्ह्यासाठीच्या नव्या कायद्यातल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. मालकांच्या संपांना इतकी वर्षे सरावलेल्या सरकारला या वेळी समोर चालक दिसले. २०२५ पासून नव्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तिच्यामागेही चालकाच्या थकव्याचाच विचार आहे. पूर्वी कुशल हात स्वस्त आणि यंत्र महाग होते. त्या हिशेबावर मालकाचा नकार शहाणपणाचा होता. हात मिळेनासे झाले तसा हिशेब फिरतो आहे. अमेरिकी लष्कराचे गणितही काहीसे असेच होते: नव्या भरतीच्या पोरांना लवकर गाडीवर बसवायचे.

या भागात होकार कोण देतो, हेही पाहण्यासारखे आहे. स्वतः गाडी चालवणारा मालक देत नाही. त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा असतो. चाळीस-पन्नास गाड्या असलेला, ऑफिसात बसून पडद्यावर ट्रक पाहणारा देतो. मधला, पाच-सहा गाड्यांचा, दोघांकडे पाहत थांबला आहे. पहिल्या मालकांनी विकायला काढलेल्या एएमटी गाड्या सेकंडहँड बाजारात येऊ लागल्या की त्याची परीक्षा सुरू होईल. अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यापासून काटई रस्त्यापर्यंतच्या गॅरेजांत काही तरुण मिस्त्रींनी दोष वाचणारी छोटी उपकरणे घेऊन ठेवली आहेत. ती अजून बहुतेक मोटारींसाठीच वापरात आहेत. ट्रकाचा जोड बसवायला वेगळी वायर लागते, असे एकाने मला ती वायर काढून दाखवत सांगितले.

दरम्यान १ जून २०२२ ला एसटीने आपली पहिली 'शिवाई' ही विजेवरची बस पुण्याहून अहमदनगरला सोडली, चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वीच्या त्याच तारखेला आणि त्याच मार्गावर. बेडफर्डच्या चालकाच्या डाव्या हाताशी जो दांडा होता तो या बसमध्ये नाही, आणि विजेच्या मोटारीला पाच काय, बारा गिअरांचीही गरज नसते. विजेवरचे जड ट्रकही येऊ लागले आहेत. त्यांच्याबद्दल आमच्या मालकांचा पहिला प्रश्न मी ऐकला आहे. बॅटरीचा नव्हता, पल्ल्याचाही नव्हता. तो होता: हे उघडणार कोण?